परवाना हातात, पण शस्त्र कोणतं? (शस्त्र, कायदा आणि आपण : भाग ६)

मागच्या भागात परवान्याचा अर्ज पाहिला. समजा, पोलिसांची चौकशी झाली, परवाना मिळाला. आता दुकानात जाऊन मागायचं काय? कमरेला लावलेलं कुणाला दिसू नये आणि दिवसभर त्याचं ओझंही होऊ नये, एवढीच बहुतेकांची अपेक्षा असते.

यूट्यूबवर शोधायला गेलात की अमेरिका समोर येते. ग्लॉक १९ काय, सिग सावर पी ३६५ काय. चपटी, हलकी, ९ मिलिमीटरची पिस्तुलं. ती तिथंच राहू द्या. आपल्याकडे ९ मिलिमीटर हा निषिद्ध बोअर आहे, म्हणजे नळीच्या त्या मापाचं शस्त्र सामान्य माणसाला मिळत नाही. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला प्रामुख्याने .३२ बोअरचं शस्त्र येतं. परदेशी शस्त्रांची आयात सर्वसामान्यांसाठी १९८०च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे जुन्या विलायती पिस्तुलांना आजही अव्वाच्या सव्वा भाव मिळतो. केवळ नावापोटी एवढे पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. सुटे भाग आणायचे कुठून?

म्हणजे उरली देशी शस्त्रं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं विकलं जातंय. २०१४च्या जानेवारीत कानपूरमधूनच खास महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आलं. वजन ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. २०२३ साली ‘प्रबल’ आलं. वजन ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, आणि काडतुसं भरायला शस्त्र मधून मोडावं लागत नाही, चक्र बाजूला उघडतं. त्याचा पल्ला ५० मीटर असल्याची जाहिरात झाली. पन्नास मीटरवरच्या माणसावर गोळी झाडून ‘स्वसंरक्षण’ म्हणणाऱ्याला कोर्टात काय ऐकावं लागेल, ते जाहिरातीत नव्हतं.

हलकं ते चांगलं, हा समज इथे नडतो. काडतूस तेच ठेवून शस्त्राचं वजन घटवलं की हाताला बसणारा धक्का वाढतो. मूठ आखूड असेल तर करंगळीला जागाच उरत नाही, पकड तीन बोटांवर येते आणि पहिल्या गोळीनंतर नळीचं तोंड वर उडतं. दुकानात रिकामं रिव्हॉल्व्हर तळहातावर तोलून यातलं काहीच कळत नाही. ते रेंजवर कळतं.

शस्त्र हातातून पडलं तर काय, हा प्रश्न वजनापेक्षा मोठा. १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा यांना स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटून पडलं, असं त्यांच्या बाजूने सांगण्यात आलं. जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसाच्या बुडाशी टेकलेला असतो. शस्त्र घोड्यावर आपटलं की गोळी सुटू शकते. म्हणूनच जुने लोक घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवून पाचच काडतुसं भरायचे. चाप ओढल्याशिवाय घोडा काडतुसापर्यंत पोचूच नये, अशी अडवणूक नव्या बनावटीत असते. विकणाऱ्याला हे स्पष्ट विचारा, आणि तो ‘काही होत नाही हो साहेब’ म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.

पिस्तूल रिव्हॉल्व्हरपेक्षा चपटं, शर्टाखाली कमी उठून दिसणारं. पण त्याला सराव लागतो. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजून कितीतरी अपघात झाले आहेत. नळीत एक काडतूस तसंच बसलेलं असतं. रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडलं की सहाही घरं डोळ्यांना दिसतात.

शस्त्र लपवून बाळगणं ही केवळ सोय नाही, तो नियम आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात हवं. नुसतं पँटच्या खिशात किंवा कमरेला खोचून फिरणं म्हणजे संकटाला आमंत्रण. होल्स्टर चाप झाकणारं असावं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत चामडं घाम पितं आणि पोलादाला गंज चढतो, तेव्हा रोज रात्री पुसणं आणि अधूनमधून तेलाचा हात फिरवणं आलंच. लग्नात मिरवायला ते काढलंत आणि हवेत बार उडवलात, तर २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

माझं मत विचाराल तर ज्याला नियमित सरावाला जाणं जमणार नसेल, त्याने पिस्तुलाच्या वाटेला जाऊ नये. चांगल्या अडवणुकीचं, सातशे ग्रॅमच्या आसपासचं रिव्हॉल्व्हर घ्यावं. आणि रेंजवर त्याचाही धक्का झेपला नाही, तर काहीच घेऊ नये.

पुढच्या भागात निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करण्याविषयी. ज्यांनी मागच्या वेळी जमा केलं होतं, त्यांनी तोवर पावती शोधून ठेवावी.