आरसा वळतो लगेच, थांबतो कुठे?

विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर दोन तऱ्हेचे दिवे असतात आणि लोक दोघांनाही सरसकट ‘लेझर’ म्हणतात. ज्याचं अख्खं डोकं गरगर फिरतं ती शार्पी. तिच्यात लेझर नसतो. जोरदार दिवा आणि भिंगं असतात. खऱ्या लेझरचा डबा जागचा हलतही नाही, तरी समोरच्या भिंतीवर गणपती उमटतो आणि मंडळाचं नाव सरकत जातं. मग आतला लेझरच इकडून तिकडे फिरत असणार, असं पाहणाऱ्याला वाटतं. तो घट्ट बसवलेला असतो. फिरतात ते नखाएवढे दोन आरसे. एक झोत आडवा नेतो, दुसरा उभा. प्रत्येक आरसा एका छोट्या मोटरच्या दांड्यावर बसवलेला असतो आणि ही मोटर पंख्यासारखी गोल फिरत नाही, काही अंशांतच मागेपुढे वळते. धंद्यातली माणसं तिला ‘गॅल्व्हो’ म्हणतात. स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून देणाऱ्या लेझर मार्किंग यंत्राच्या हेडमध्येही हीच जोडी असते.

ही कल्पना कालपरवाची नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५८ साली अटलांटिकखालच्या तारेतून येणारे क्षीण संदेश ओळखण्यासाठी आरशाचा गॅल्व्हानोमीटर वापरला. रेशमाच्या धाग्याला टांगलेला छोटा आरसा, त्याच्या पाठीवर इवलीशी चुंबकं, भोवती तारेचं वेटोळं. जरासा प्रवाह आला की आरसा किंचित वळे आणि पट्टीवरचा प्रकाशाचा ठिपका सरके. तिथे ठिपका पाहून प्रवाह ओळखायचा होता. आज ठिपका हवा तिथे नेण्यासाठी प्रवाह सोडतात, एवढाच फरक.

आरसा एक अंश वळला की झोतही एक अंश वळतो, हा हिशोब शिकलेली माणसंही करतात. झोत दोन अंश वळतो, कारण आपाती आणि परावर्तित असे दोन्ही कोन बदलतात. मार्किंग यंत्रात १६० मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग आणि ११० मिलिमीटरचं चौकोनी क्षेत्र ही नेहमीची जोडी आहे. त्या क्षेत्राच्या मध्यापासून कडेपर्यंत जायला झोत सुमारे २० अंश वळावा लागतो. आरसा मात्र १० अंशच. ही दुप्पट फुकटची नाही. आरशाची चूकही तशीच दुप्पट होऊन पुढे जाते.

सगळ्यात खोल गैरसमज वेगाबद्दलचा आहे: आरसा एवढासा, वीज एवढी चपळ, म्हणजे हुकूम दिला की आरसा तिथे पोचलाच. पण हलक्या आरशालाही वजन असतं. तो निघायला वेळ घेतो, आणि थांबायची जागा आली तरी पुढे जाऊ पाहतो. म्हणून दांड्याच्या मागच्या टोकाला कोन मोजणारा सेन्सर बसवतात. सर्व्होचं सर्किट ‘कुठे असायला हवा’ आणि ‘कुठे आहे’ यांतला फरक सतत काढत राहतं, आणि थांबण्याआधी उलटा जोर लावून आरशाला आवरतं. गॅल्व्होची किंमत मुख्यतः या आवरण्याची असते, वळवण्याची नव्हे.

हे भांड्यावर डोळ्यांनी दिसतं. नाव घालताना शिरोरेघ ओढायची आहे. आरशाने वेग घेण्याआधीच लेझर सुरू झाला, तर रेघेच्या सुरुवातीला काळा जळका ठिपका पडतो. उशिरा सुरू झाला तर रेघेचं टोकच गायब. काना खाली येऊन वळतो तिथे आरशाला पुरेशी उसंत दिली नाही, तर कोपरा गोलसर होतो. जास्त दिली तर तिथेच स्टील भाजून निघतं. एका अक्षरावरून दुसऱ्यावर उडी मारताना आरसा थरथरायचा थांबला नसेल, तर पुढची रेघ वाकडी सुरू होते. सॉफ्टवेअरमध्ये या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा ‘डिले’ असतो, मायक्रोसेकंदांत. नवखा ऑपरेटर अक्षरं बिघडली की लेझरची पॉवर कमीजास्त करत बसतो. जाणता आधी डिले बघतो.

शो लेझरच्या जाहिरातीत ‘३०के’ लिहिलेलं असतं. सेकंदाला ३०,००० बिंदू हे खरं, पण ते ठरलेली चाचणी-आकृती ८ अंशांच्या झोतकोनात दाखवताना. तीच आकृती त्याच वेगाने ४० अंशांत पसरवून पाहा, चौकोनाचे कोपरे वितळलेले दिसतील. विकणारे हा कोन सहसा सांगत नाहीत; विकत घेणाऱ्याने विचारावा.

बिट्सचा मोठेपणाही असाच फसवा. १६ बिटचं नियंत्रण म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. ११० मिलिमीटरवर वाटल्या तर एक पायरी दोन मायक्रॉनपेक्षाही लहान येते, आणि विक्रेता तीच ‘अचूकता’ म्हणून सांगतो. ती फक्त हुकमाची बारकाई. हेड तापलं की सेन्सरचं माप सरकतं. आरसा ५० मायक्रोरेडियन चुकला तर झोत १०० चुकतो. १६० मिलिमीटरवर ते १६ मायक्रॉन होतात, म्हणजे तब्बल नऊ-दहा पायऱ्या. तीच चूक १०० मीटरवर एक सेंटिमीटर होते आणि चंद्रावर नेली तर सुमारे ३८ किलोमीटर. म्हणून आधी हेड नीट तापू द्यायचं आणि मग जाळी आखून माप घ्यायचं, ही पद्धत आहे.

बाकी किरकोळ. कोणताही आरसा चालत नाही: घरच्या आरशात चकाकी काचेच्या मागे असते, त्यामुळे एकाऐवजी दोन ठिपके मिळतात. गॅल्व्होच्या आरशाचा लेप पुढच्या पृष्ठावर असतो आणि ठरावीक तरंगलांबीसाठीच बनवलेला असतो. फायबर लेझरचा आरसा कार्बन डायऑक्साइड लेझरला लावला तर तो झोत परतवण्याऐवजी स्वतः तापतो. आणि लेझर प्रिंटरमध्ये गॅल्व्हो नसतो; तिथे अनेक बाजूंचा आरसा एकाच वेगाने फिरत राहतो. त्याला मधेच थांबायचं नसतं, म्हणून त्याचं काम सोपं.

राहिला तो गैरसमज, ज्याची किंमत डोळ्यांनी मोजावी लागते: झोत सतत फिरतो, त्यामुळे डोळ्याला धोका नाही. पापणी मिटायला सुमारे पाव सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळासाठी निर्धोक मानलेली मर्यादा एक मिलिवॉट आहे. शोचे लेझर कित्येक वॉटचे, म्हणजे हजारो पट. झोत डोळ्यावरून निमिषात सरकला तरी तो निर्धोकच असतो असं नाही. शिवाय हवेत नुसती सरळ किरणं सोडायची असतात तेव्हा आरसे मुद्दाम एका जागी धरून ठेवलेले असतात. आरसा अडकला किंवा सर्व्हो बंद पडला, तर सगळी शक्ती एका ठिपक्यात उभी राहते. चांगल्या यंत्रात हे ओळखून लेझर तत्क्षणी तोडणारं सर्किट असतं. स्वस्तातल्या डब्यांत ते असेलच याची खात्री नाही.

मिरवणुकांत डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्यानंतर पुण्यासह काही शहरांत पोलिसांनी लेझर झोतांवर बंदीचे आदेश काढले. अमेरिकेत असा झोत, माणूस उभा राहू शकेल अशा कोणत्याही जागेपासून किमान तीन मीटर उंच आणि बाजूने अडीच मीटर दूर ठेवण्याचा दंडक आहे. हे अंतर रस्त्यापासूनच नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीपासूनही मोजावं लागतं. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ते मोजायला बसलं, तर दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांमध्ये झोताला जायला फारशी वाट उरत नाही.