उंबरातली केंबरं

पोरांनो, तंबूची चेन लावा, पायांत बूट घाला आणि माझ्या मागोमाग या. वाट सपाट आहे, धाकटीलाही झेपेल. पण पाण्यात विचारल्याशिवाय पाय घालायचा नाही. ही कोलाडची कुंडलिका. वर घाटमाथ्यावर मुळशीचं धरण आहे. तिथलं पाणी डोंगराखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, १९२७ पासून तिथे वीज करतं आणि मग या नदीला मिळतं. म्हणून आभाळात ढग नसतानाही सकाळी नदी फुगते.

आता या उंबराजवळ थांबू. फळं थेट खोडाला कशी लगडलीत बघा! याचं फूल मात्र कुणाला दिसत नाही, कारण फुलं आत आहेत. हे हिरवं फळ म्हणजे शेकडो फुलांची बंद खोली. टोकाला हे बारीक दार, तेही खवल्यांनी मिटलेलं.

या दारातून केंबराची मादी आत घुसते. गांधीलमाशीच्या कुळातली, पण जेमतेम दोन मिलिमीटरची. घुसताना तिचे पंख मोडतात, म्हणजे परत येणं नाहीच. अंगावर आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. केवढं हे धाडस, एवढ्याशा जिवाचं!

पुढे तिची पिल्लं मोठी होतात. आधी नर निघतात, बिनपंखांचे. त्यांच्या बहिणी अजून आपापल्या फुलात कोंडलेल्या असतात, तिथेच जोड्या जमतात. मग नर फळाची भिंत पोखरून बोगदा करतात. त्यांचं आयुष्य एवढंच. एव्हाना आतली नरफुलं उमललेली असतात. माद्या त्यांचे पराग घेतात आणि बोगद्यातून उडतात.

त्यांच्या हातात एखाद-दुसरा दिवस असतो. या झाडाची फळं बहुधा एकदमच पिकायला लागतात, त्यामुळे कोवळ्या फळांचा दुसरा उंबर गाठावा लागतो, वासाच्या मागावर, वाऱ्याच्या जोरावर. उंबर वर्षातून अनेकदा फळतो आणि प्रत्येक झाडाची वेळ वेगळी, म्हणून हे जमतं. काठावरचे उंबर तोडत गेलो तर मधलं अंतर वाढतं, आणि केंबरं नसली तर उंबराला बीच धरत नाही. मग हरियाल, धनेश, वटवाघळं यांनी काय खायचं?

हे पिकलेलं घे, बाळ. सालीवर भोक दिसलं? तोच बोगदा. आता फोड, नीट झटक आणि खा.