हक्क मिळाले, मग शाळा उभी राहिली
उरुग्वेतील एका शेतकरी गावाची गोष्ट

दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे हा देश आपल्या वाचकांना बहुधा फुटबॉलमुळेच ठाऊक असेल. त्या देशाच्या नैर्ऋत्येला, राजधानी मोंतेव्हिदेओपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, 'कोलोनिया व्हाल्देन्से' नावाचे एक लहानसे गाव आहे. आजूबाजूला शेती, गुरे आणि दुधाचा धंदा. हे गाव वसविणाऱ्या माणसांची हकिकत आम्हाला आपल्या कुटुंबांत वाचली जावी अशी वाटते.

ही माणसे वाल्डेन्सियन पंथाची. बाराव्या शतकात फ्रान्समधील ल्यों शहरी वाल्डो नावाचा एक श्रीमंत व्यापारी होता. त्याने आपली संपत्ती वाटून टाकली आणि बायबल लोकांच्या बोलीत आणविले. धर्मग्रंथ लॅटिनमध्ये आणि धर्म पुरोहितांच्या मुठीत, असा तो काळ. वाल्डोचे अनुयायी साधी माणसे होती. त्यांच्यातल्या स्त्रियाही उपदेश करीत. हे कोणाला खपणार? 1184 साली पोपने त्यांना बहिष्कृत केले.

पुढची कित्येक शतके हे लोक आल्प्स पर्वतातील दऱ्याखोऱ्यांत राहिले. 1655 साली तेथेही त्यांची भीषण कत्तल झाली. त्या खोऱ्यांबाहेर त्यांना जमीन घेता येत नसे, अनेक प्रतिष्ठेचे व्यवसाय करता येत नसत. म्हणजे डोंगराचीच चतु:सीमा करून त्यांना कोंडले होते. तरीही त्यांनी मुलांना अक्षरओळख दिली. वॉटर्लूच्या लढाईत पाय गमावलेला बेकविथ हा इंग्रज अधिकारी त्यांच्यात जाऊन राहिला. त्याच्या मदतीने वाडीवस्तीवर शंभराहून अधिक छोट्या शाळा उभ्या राहिल्या.

17 फेब्रुवारी 1848 रोजी राजा कार्लो आल्बेर्तोने त्यांना नागरी हक्क दिले. त्या आनंदात डोंगरावर शेकोट्या पेटल्या आणि आजही दरवर्षी पेटतात. पण हक्काचा कागद हाती आला म्हणून पोट भरत नाही. जमीन तेवढीच, खाणारी तोंडे वाढलेली. अखेर 1856 पासून काही कुटुंबे समुद्र ओलांडून उरुग्वेला निघाली.

तेथे सुख वाट पाहत होते काय? नाही. प्रथम ती फ्लोरिदा या भागात राहिली. तेथील कॅथलिक धर्मगुरूंनी त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. मोंतेव्हिदेओतील पेंडलटन या इंग्रज धर्मोपदेशकाने मध्यस्थी केली आणि 1858 साली रोसारिओ नदीच्या परिसरात त्यांची वसाहत सुरू झाली. गवताळ रान नांगरून त्यांनी गहू पेरला.

येथे एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बाहेरच्या छळापुढे शतकानुशतके एक राहिलेले हे लोक आता आपसांत भांडले. चर्च कोठे बांधावे यावरून वसाहतीत दोन तट पडले आणि कटुता बराच काळ टिकली. शत्रू दूर गेला की माणसे एकमेकांकडे वळतात, हा अनुभव सर्वच चळवळींना आहे.

या भांडणातूनही समाज सावरला. आमच्या मते त्याला कारण एकच : शिक्षणाचा ध्यास. 1888 साली धर्मोपदेशक दानिएल आर्मांद उगोन यांच्या पुढाकाराने या गावात माध्यमिक शाळा निघाली. उरुग्वेच्या ग्रामीण भागातील ती पहिली माध्यमिक शाळा. जी सोय शहराची मिरास समजली जाई, ती शेतकऱ्याच्या मुलाच्या दारी आली. वसाहत होऊन तेव्हा अवघी तीस वर्षे झाली होती. आज त्या शाळेला उगोन यांचेच नाव आहे.

वाचकहो, या लोकांचा पंथ आपला नाही, देश आपला नाही. पण गावकुसाबाहेरचे जिणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. हक्क मिळाल्याच्या दिवसाची शेकोटी ते दरवर्षी पेटवितात, ते योग्यच आहे. परंतु ती शेकोटी विझल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांची मुले शाळेत गेली, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते. आपल्या घरी उत्सवाचा खर्च आणि मुलीच्या पुस्तकांचा खर्च एकाच वेळी समोर आला, तर आधी कोणता भागवायचा? आज रात्री जेवताना घरातल्या सर्वांनी याचा विचार करावा.