गडद हिरवा: बिनधास्त, पण बेताने

तुमच्या फ्लॅटच्या भिंतींचा रंग कोणता? पैज लावायची तर आम्ही ऑफव्हाइटवर लावू. तो नसेल तर आयव्हरी, नाहीतर बिल्डरने ताबा देताना फासून दिलेला कसलासा फिकट पिवळा. शेड कार्ड हातात आलं की आपलं बोट बॉटल ग्रीनवर दोन मिनिटं थांबतं खरं. पण तेवढ्यात आई म्हणते, ‘‘अगं, खोली अंधारी होईल.’’ पेंटर म्हणतो, ‘‘मॅडम, डार्कमध्ये रूम छोटी वाटते.’’ बोट मुकाट्याने पुन्हा क्रीमवर!

त्यात हिरव्याबद्दल आपल्या मनात एक अढी असते. सरकारी दवाखान्यात कमरेपर्यंत मारलेला तो चकचकीत हिरवा ऑइलपेंट, किंवा शाळेतला हिरवा फळा. पण तोच रंग वाड्याच्या दारावर आणि कोकणातल्या घराच्या खिडक्यांवर बघा, काय रुबाब असतो त्याचा! म्हणजे दोष रंगाचा नाही. तो कुठे, किती आणि कोणत्या उजेडात लावला, यावर सगळा खेळ आहे.

आईचं म्हणणं खोटं नाही

भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला किती भाग परत फेकते, हे मोजण्याचं एक माप आहे. त्याला ‘लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू’ म्हणजेच एलआरव्ही म्हणतात. शून्य म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा आणि 100 म्हणजे सगळा परत देणारा पांढरा. आपला नेहमीचा पांढरा 80 च्या पुढे असतो, तर बॉटल ग्रीन जेमतेम 5 ते 10. म्हणजे चारही भिंती गडद हिरव्या केल्या, तर तोच बल्ब मंद झाल्यासारखा वाटणार. आधीच समोरच्या बिल्डिंगमुळे ऊन न येणाऱ्या वन बीएचकेमध्ये हे परवडणारं नाही.

म्हणून पहिला फंडा सोपा आहे: एक भिंत हिरवी, बाकीच्या तीन आणि छत पांढरं. छत पांढरं असलं की उजेड वरून खाली येतो आणि खोली दबकी वाटत नाही.

तुम्ही घरी असता कधी?

रंग आपण निवडतो रविवारी दुपारी, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली. आणि त्या भिंतीसोबत राहतो कधी? सकाळी डबा भरण्याच्या गडबडीत तासभर, आणि मग थेट रात्री. ऑफिसवाल्यांचं घर हे मुख्यतः रात्रीचं घर असतं! आणि गडद हिरवा नेमका रात्रीच खुलतो. मात्र दिवा बरोबर हवा.

6500 केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली हा रंग निळसर, थोडा मेल्यासारखा दिसतो. तोच 2700 ते 3000 केल्विनच्या पिवळसर एलईडीखाली उबदार, किंचित शेवाळी वाटतो. एलईडीच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो, घेताना तो बघा. शक्यतो वरच्या एकाच दिव्यावर न भागवता भिंतीजवळ एक टेबललॅम्प ठेवा.

शेड पक्की करण्याआधी सँपलचा छोटा डबा आणा, दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवा. सकाळी बघा, रात्री जेवताना बघा. चार दिवसांनीही आवडला तरच पेंटरला फोन. शेड कार्डवरचा बोटभर तुकडा बघून भिंतीचा अंदाज येत नाही.

नेमका कुठे?

* पलंगाच्या डोक्यामागची भिंत: सर्वांत सेफ जागा. झोपल्यावर ती डोळ्यांसमोर येत नाही, खोलीत शिरल्यावर मात्र लुक तीच देते.
* घरून काम करताना पाठीमागे: मॅट गडद हिरवा चमकत नाही, त्यामुळे व्हिडिओ कॉलमध्ये छान दिसतो. टेबल मात्र खिडकीजवळच ठेवा.
* दार, पुस्तकांचं कपाट, ओट्याखालची कपाटं: भिंतीला हात लावायची हिंमत नसेल तर इथून सुरुवात करा. लाकडाला सॅटिन फिनिशचा इनॅमल घ्या, पुसायला सोपा पडतो.
* इथे नको: बाथरूमला लागून असलेली किंवा पावसाळ्यात ओल धरणारी भिंत. ओलीमुळे फुटणारे पांढरे क्षार क्रीमवर लपतात, हिरव्यावर नकाशा काढतात. आधी गळती थांबवा, भिंत पूर्ण सुकू द्या, मगच रंग.

सोबतीला काय? पितळ, वेत, सागवानी लाकूड आणि पांढरं सुती कापड. माळ्यावर पडलेलं आजीचं पितळी घंगाळ घासून या भिंतीपुढे ठेवा, वेगळ्या शोपीसची गरज नाही.

पेंटरशी बोलताना

गडद शेड मशीनवर बनते ती कमी पांढरं पिगमेंट असलेल्या ‘डीप बेस’मध्ये रंगद्रव्य मिसळून. म्हणून ती महाग पडते आणि खालचं झाकायलाही वेळ घेते. दोन हातांत भागेल असं कुणी म्हणालं तरी तिसऱ्याची तयारी ठेवा. दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच भिंत म्हणजे 90 चौरस फूट. तिला तीन हातांसाठी साधारण दोन लिटर रंग लागतो. खाली पांढऱ्याऐवजी राखाडी छटेचा प्रायमर मारला तर हिरवा लवकर भरतो.

सगळा रंग एकाच वेळी मिक्स करून घ्या, कारण पुन्हा आणलेल्या डब्यात छटेचा उन्नीस-बीस फरक पडू शकतो. उरलेला रंग घट्ट झाकून ठेवा आणि शेडचा कोड फोनमध्ये सेव्ह करा. आणि पुट्टी नीट घासून घ्या! फार चमकदार फिनिश घेतलात तर भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसेल. अगदी मॅट घेतलात तर सोफ्याच्या पाठीचे चट्टे उमटतील. धुता येणारा, हलकी चमक असलेला इमल्शन हा मधला मार्ग.

भाड्याचं घर असेल तर?

अकरा महिन्यांचा करार आणि वर डिपॉझिट. इथे बिनधास्तपणा खिशाला लागतो. मालकाची परवानगी मेसेजवर का होईना, लेखी घ्या. सोडताना भिंत परत पांढरी करायची असेल तर हिरव्यावर थेट पांढरा चालत नाही. आधी प्रायमर, मग दोन-तीन हात. तो खर्च आधीच धरा. जड वाटत असेल तर स्वतःचं कपाट रंगवा. घर बदललं तरी ते तुमच्यासोबत टेम्पोत चढतं.

जुनं दार घासण्याआधी थांबा

हिरव्या रंगाचा इतिहास तसा विषारी आहे. 1775 मध्ये स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शीलेने तांबं आणि आर्सेनिकपासून झगझगीत हिरवा बनवला. 19 व्या शतकात युरोपात असे आर्सेनिकवाले हिरवे वॉलपेपर घरोघरी लागले आणि ओलसर भिंतींवर बुरशी धरली की त्यातून विषारी वायू सुटायचा. पुढे गडद हिरव्यासाठी शिसं असलेला क्रोम यलो निळ्यात मिसळला जाऊ लागला.

भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये आले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. म्हणून नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दलचा उल्लेख वाचा. आजोबांच्या काळातलं हिरवं दार ‘व्हिंटेज लुक’साठी कोरडं घासू नका, त्या थरांमध्ये शिसं असू शकतं. घासायचंच तर ओलं करून, मास्क लावून, आणि लहान मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवून. त्या घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर जुना थर पक्का आहे तोवर त्याला हात न लावणंच उत्तम.

तर येत्या शनिवारी मॉलऐवजी रंगाच्या दुकानात चक्कर मारा. सँपलचा एक डबा, एक ब्रश, एक पुठ्ठा. आईने विचारलंच तर सांगा, अजून भिंतीला हात लावलेला नाही!