देडतलाईचा चट्टा आणि परळची प्रयोगशाळा

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील देडतलाई हे गाव मेळघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर, मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या सरहद्दीच्या इतके निकट वसलेले आहे, की तेथील कोरकू शेतमजूर, निमाडी बोलणारा दुकानदार आणि मराठी घरांतील वडीलधारी मंडळी यांचा व्यवहार सरकारी दफ्तरात दोन राज्यांत वाटला गेला असला तरी त्यांच्या मनात तो वाटला गेलेला नसतो. धारणी, परतवाडा आणि बऱ्हाणपूर ही त्यांच्या लेखी एकाच मुलुखातील ठिकाणे होत. अशा गावी एखाद्याच्या पाठीवर फिकट, न खाजणारा, न दुखणारा चट्टा उमटला, अथवा कमरेवर जेथे धोतराची किंवा लुगड्याची गाठ रोज आवळली जाते तेथे पडलेले क्षत महिनोन्‌महिने भरून येईना, तर त्या दुखण्याविषयी वैद्यकशास्त्राला आज जे निश्चितपणे सांगता येते ते कोणा एका धन्वंतरीच्या प्रतिभेतून उतरलेले नाही. बर्गेन, डब्लिन, परळ, वर्धा, चेंगलपट्टू अशा परस्परांपासून दूर असलेल्या स्थळी काम करणाऱ्या मंडळींनी, आणि ज्यांची नावे कोणत्याही ग्रंथात छापली गेली नाहीत अशा सहस्रावधी रुग्णांनी, ते मिळून मिळविलेले आहे. या उद्योगात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्या घरांत पुरेसा ठाऊक नाही याची मला मनापासून खंत वाटते.

परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. लंडनला विकृतिशास्त्राचे अध्ययन केलेले खानोलकर सूक्ष्मदर्शकाखालची पेशी पाहून थांबणारे नव्हते. ती पेशी ज्या देहातून आली तो देह काय नेसतो, काय चघळतो, कोणत्या विस्तवाशी बसतो, याचीही ते कसून चौकशी करीत. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात लोकांच्या रीतिरिवाजांशी निगडित अशा कर्करोगाच्या प्रकारांचे वर्णन आहे, आणि त्यांतलाच एक पुढे ‘धोतराचा कर्करोग’ या नावाने वैद्यकाच्या ग्रंथांत रूढ झाला. काश्मिरात पोटाशी धरलेल्या कांगडीच्या धगीने पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकापासून वैद्यांच्या परिचयाचा होता; पण विस्तव नाही, विष नाही, केवळ वस्त्राची घट्ट गाठ, घाम, धूळ आणि वर्षानुवर्षांचे घर्षण यांनीही त्वचा बिघडू शकते, ही गोष्ट नवी होती. कमरेची कातडी प्रथम काळवंडते किंवा रंग सोडते, मग ती खरखरीत व जाड होते, तीवर खवले धरतात, आणि पुष्कळ वर्षांनी एखाद्या रुग्णाच्या बाबतीत तेथे असे क्षत पडते, की त्याच्या कडा उंचावत जातात आणि ते कोणत्याही मलमाला दाद देत नाही. पुढे साडीच्या परकराच्या नाडीखाली हाच प्रकार स्त्रियांतही आढळला. ज्या रुग्णाने परक्या शहरात, परक्या डॉक्टरपुढे संकोच सोडून कमर उघडी केली आणि आपली नेसण्याची तऱ्हा सांगितली, त्याच्या कथनावाचून हा शोध लागलाच नसता. म्हणून मी त्यालाही संशोधकच समजतो.

आपल्या देशात त्वचेचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने पुष्कळ कमी आढळतो, कारण सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपले रक्षण करणारे रंगद्रव्य आपल्या कातडीत विपुल असते. परंतु यामुळे एक घातक समजूतही रुजली आहे, ती ही की सावळ्या माणसाला हा रोग होतच नाही. गोऱ्या लोकांत तो उन्हाने होरपळलेल्या तोंडावर, मानेवर उद्भवतो. आपल्याकडे तो पुष्कळदा जुन्या भाजलेल्या व्रणावर, वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेवर उठतो, आणि काळ्या गाठीचा अतिशय क्रूर प्रकार तळपायावर किंवा नखाखाली, म्हणजे जेथे कोणी पाहत नाही अशा जागी, दडून वाढतो. कुष्ठरोगाने ज्यांचे पाय बधिर झाले त्यांच्या तळपायाला काटा रुतला, खडा टोचला तरी कळत नाही. तेथे पडलेली जखम दहा-वीस वर्षे तशीच राहिली तर तिच्या काठाशी कर्करोग मूळ धरू शकतो. अशा रुग्णाच्या पायात दोन शास्त्रांची गाठ पडते, आणि त्या दोहोंना एकाच छपराखाली आणण्याचे काम खानोलकरांनी केले.

कुष्ठरोगाचा जंतू बर्गेनच्या हॅन्सेन यांनी १८७३ साली पाहिला. पण तो पाहिला गेला एवढेच, प्रयोगशाळेच्या पोषकद्रवात तो कोणालाही वाढविता आला नाही, आणि आजही येत नाही. त्याची गती विलक्षण मंद आहे: एका जंतूचे दोन होण्यास सुमारे बारा ते चौदा दिवस लागतात, आणि संसर्ग झाल्यापासून पहिला चट्टा दिसेपर्यंत पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. देहाचा जो भाग थंड असतो, म्हणजे कानाची पाळी, नाकाचा शेंडा, कोपराजवळून जाणारा मज्जातंतू, तो त्याला प्रिय. खानोलकरांनी रोगाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेतील कातडीचे तुकडे चिकाटीने तपासून हा जंतू मज्जातंतूंत कसा शिरकाव करतो ते दाखविले. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि ते त्याचे संचालक झाले. तेथे त्यांच्या शिष्या, पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे, ज्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे पेशी देहाबाहेर वाढविण्याची विद्या हस्तगत केली होती, आणि सहकारी बापट, या दोघांच्या साहाय्याने एक अपूर्व प्रयत्न झाला. कर्करोगाच्या अभ्यासासाठी पेशी वाढविण्याची जी पद्धत हाताशी होती तिचाच उपयोग करून कुष्ठरुग्णाच्या शरीरातील जंतू वाढवून पाहावा, असे त्यांनी ठरविले, आणि १९५८ साली त्यांना एक जंतू हाती लागला. तो हॅन्सेनचा जंतू नव्हता, त्याच्या कुळातील दुसराच होता; तथापि त्या केंद्राच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ असे नाव पावलेला हा जंतू पुढे डॉ. एम. जी. देव यांच्या हातून लशीचे द्रव्य झाला. एका रोगासाठी उभारलेली प्रयोगशाळा दुसऱ्या रोगाच्या उपयोगी पडते ती अशी.

लस खरोखर राखते का, हे ठरविण्यासाठी मात्र प्रयोगशाळा पुरत नाही. तमिळनाडूतील चेंगलपट्टू जिल्ह्यात डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली १९९१ पासून जी परीक्षा झाली, तीत सुमारे १,७१,००० निरोगी माणसांनी दंड पुढे केला. कोणास बीसीजी, कोणास बीसीजीबरोबर मारलेले कुष्ठजंतू, कोणास मुंबईची आयसीआरसी लस, कोणास दिल्लीत सिद्ध झालेली दुसरी एक लस आणि कोणास नुसते मिठाचे पाणी टोचले गेले. कोणाला काय मिळाले हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि आयसीआरसी लशीने सुमारे ६५ टक्के, तर बीसीजी व मारलेल्या जंतूंच्या जोडीने ६४ टक्के संरक्षण दिल्याचे दिसून आले. ही लस सार्वत्रिक उपयोगात आली नाही; तोवर औषधांनीच बाजी मारली होती. तरीही इतक्या माणसांनी, ज्यांना तिळमात्र दुखणे नव्हते, परक्यांच्या हितासाठी दंड पुढे करावा आणि वर्षानुवर्षे तपासणीला उभे राहावे, ही घटना मला आपल्या देशाच्या वैद्यकीय इतिहासातील अव्वल दर्जाची वाटते.

औषधांची हकीकत याहून अधिक आंतरराष्ट्रीय आहे. आपल्याकडे शतकानुशतके तुवरकाचे कडू तेल चालले. १९४० नंतर सल्फोन आले, आणि त्यांतील डॅप्सोन ही स्वस्त गोळी तमिळनाडूतच कॉक्रेन यांनी वापरून दाखविली. जवळजवळ वीस वर्षे जग त्या एका गोळीवर विसंबले, आणि १९६४ साली मलायातून बातमी आली की जंतू तिला जुमानेनासा झाला आहे. दरम्यान डब्लिनमध्ये बॅरी यांच्या मंडळीने क्षयासाठी जन्माला घातलेले क्लोफॅझिमिन क्षयापेक्षा कुष्ठावरच अधिक उपयोगी ठरले. इटलीत लेपेती कंपनीच्या प्रयोगशाळेत मातीतील सूक्ष्मजीवापासून रिफाम्पिसिन निघाले. आणि १९८१ साली जिनेव्हा येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञमंडळाने ही तीन औषधे एकत्र द्यावीत असा निर्णय दिला. भारतात हा बहुविध औषधोपचार प्रथम ज्या दोन जिल्ह्यांत सुरू झाला ते पश्चिम बंगालमधील पुरुलिया आणि आपले वर्धा.

वर्धाच का, याचे उत्तर देण्यासाठी मागे जावे लागते. दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम उभारले होते, सेवाग्रामी गांधीजींनी कुष्ठरुग्ण परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वहस्ते केली होती, अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन, वरोऱ्यास बाबा आमट्यांचे आनंदवन ही नावे तर घराघरांत पोचली आहेत. परंतु शास्त्राच्या दृष्टीने निर्णायक ठरले ते १९५१ साली वर्ध्यास स्थापन झालेले गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान आणि त्याचे डॉ. रा. वि. वारदेकर. रुग्ण दवाखान्यात येईल तेव्हा पाहू, ही वहिवाट सोडून त्यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत घालून दिली, आणि मौजेवार, घरवार, माणसागणिक नोंद ठेवणारी दप्तरे तयार केली. सरकारने १९५५ साली जो राष्ट्रीय कार्यक्रम आखला त्याचा पाया हाच.

या पद्धतीतील मूळ कृती अतिशय साधी आहे. कार्यकर्ता घरी येतो, दिव्याखाली नव्हे तर अंगणात, सूर्यप्रकाशात, माणसाला उभे करतो. सदरा काढायला सांगतो, कानाच्या पाळ्या बोटांत धरून जाडी अजमावतो, कोपराच्या आतल्या अंगाचा मज्जातंतू चाचपतो. मग डोळे मिटायला सांगून लेखणीचे टोक किंवा नायलॉनचा बारीक तंतू कातडीला हलकेच लावतो आणि स्पर्श झाला तेथे बोट ठेवायला सांगतो. निरोगी जागी बोट नेमके जाते; चट्ट्यावर ते उठतच नाही. स्त्रियांची तपासणी स्त्रीच करते, आणि तशी ती झाली नाही तर अर्धे गाव न पाहिलेलेच राहते. १८९८ सालचा कुष्ठरुग्णांना कोंडणारा कायदा २०१६ पर्यंत आपल्या पुस्तकांत होता, आणि कुष्ठ हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत. ज्या माणसाला सदरा काढल्याने घर व संसार गमावण्याची धास्ती आहे तो सदरा काढणार नाही, हे उघड आहे.

देडतलाईच्या रुग्णाला आज जे पाकीट विनामूल्य मिळते ते हातात घेऊन पाहावे. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या त्यात ओळीने बसविलेल्या असतात. महिन्याचा पहिला डोस कार्यकर्त्यासमोर गिळायचा असतो, आणि त्या दिवशी लघवी लाल होते ती रिफाम्पिसिनमुळे, रक्तामुळे नव्हे. क्लोफॅझिमिनने कातडी हळूहळू तांबूस-काळसर पडते, ती औषध थांबल्यावर काही महिन्यांनी पूर्ववत होते. या दोन गोष्टी आरंभीच कोणी नीट समजावून दिल्या नाहीत, तर घाबरलेला रुग्ण पाकीट आढ्यावर खोचून ठेवतो आणि तीन देशांतील संशोधन तेथे खुंटते. सौम्य प्रकाराला सहा महिने, तीव्र प्रकाराला बारा महिने एवढीच मुदत आहे, आणि उपचार सुरू होताच संसर्गाची भीती उरत नाही.

चट्टा दिसला म्हणजे कुष्ठच, असेही नाही. हल्ली गावोगाव जी नायट्याची साथ पसरली आहे ती बव्हंशी दुकानातून चिठ्ठीवाचून घेतलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी चिघळविलेली आहे; औषधाला न जुमानणाऱ्या तिच्या बुरशीचे नामकरण २०२० साली झाले ते जपानमध्ये, तेथे राहणाऱ्या भारतीय व नेपाळी रुग्णांच्या त्वचेतून मिळालेल्या नमुन्यांवरून. तेच मलम कुष्ठाच्या चट्ट्यालाही काही काळ झाकून टाकते.

१९५६ च्या नोव्हेंबरापर्यंत निमाड, अमरावती आणि वर्धा हे तिन्ही जिल्हे नागपूरच्या एकाच सरकारच्या अंमलाखाली होते. आज देडतलाईचा मजूर बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या नोंदवहीत असतो आणि सुगीला वऱ्हाडात जातो. परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याचे कुष्ठरोग रुग्णालय त्याला जवळचे, पण दुसऱ्या राज्यातले. नियमाप्रमाणे बारा महिन्यांचे डोस अठरा महिन्यांच्या आत, आणि सहा महिन्यांचे नऊ महिन्यांच्या आत पुरे झाले तर ते ग्राह्य धरतात, म्हणजे स्थलांतराला शास्त्राने जागा ठेवलेली आहे. अडते ते दोन दफ्तरांच्या मध्ये. रुग्णाच्या घरातील व शेजारातील माणसांना रिफाम्पिसिनचा एकच डोस देऊन रोग अडविण्याची पद्धत आता देशात लागू आहे, पण त्यासाठी ती माणसे कोठे निजतात हे कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे. बऱ्हाणपूर आणि अमरावती येथील जिल्हा कुष्ठरोग अधिकाऱ्यांनी सुगीपूर्वी एकदा धारणीस बसून आपापल्या याद्या समोरासमोर ताडून पाहाव्यात, जाणाऱ्या रुग्णाच्या हाती कार्ड आणि पुढील महिन्यांची पाकिटे द्यावीत, तळपायाची जखम तीन महिन्यांत भरली नाही तर तिच्या काठाचा तुकडा तपासणीस पाठवावा, आणि ही तपासणी कोणत्या राज्याच्या खर्चाने व्हावी हा प्रश्न रुग्णाच्या पाठीमागे, त्याच्या परोक्ष सोडवावा.