घोड्याचा रंग

लग्नसराईत कल्याणच्या रस्त्याने वरात निघाली, की नवरदेवाच्या पांढऱ्या घोडीकडे साऱ्यांचे डोळे वळतात. परंतु मुलांनो, तीच घोडी शिंगरू असताना कदाचित काळी किंवा तांबडीही असेल!

घोड्याच्या केसांत मूळ रंगद्रव्ये दोनच: काळे व तांबडे. त्यांपैकी कोणते कोठे उमटावे, हे पेशींतील जनुके ठरवितात. शिंगरास प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. काळ्या रंगाची प्रत प्रबळ असते. ती एक असली तरी पुरते. दोन्ही प्रती तांबड्या रंगाच्या असतील, तरच शिंगरू तांबडे होते. म्हणूनच काळ्या आईबापांच्या पोटीही क्वचित तांबडे शिंगरू जन्मते. दोघांतही ती एकेक प्रत लपलेली असते.

दुसरे एक जनुक काळा रंग आयाळ, शेपूट व पाय यांपुरताच ठेवते. तो कुमाईत घोडा होय. तिसऱ्या एका जनुकामुळे शिंगराचे केस वयाबरोबर पांढरे होत जातात. कातडी मात्र काळीच राहते.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे घोडा पारखताना अनेक जण रंग व खुणा पाहतात. चारही पाय व तोंड पांढरे असलेला ‘पंचकल्याणी’ शुभ मानला जातो. दुसऱ्या एखाद्यास अशुभ ठरवून नाकारले जाते. हा त्या मुक्या प्राण्यावर अन्यायच नव्हे काय? रंग हा आईबापांकडून आलेला वारसा आहे. तो गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. घोडा पारखावा तो त्याच्या चालीवरून, प्रकृतीवरून व स्वभावावरून.