पाय घसरला, दोष कुणाचा?

गेल्या श्रावणात आमची आजी चाळीच्या जिन्यावरून पडली. विरार पूर्वेला आम्ही राहतो ती चाळ जुनी. गच्चीवरची टाकी रोज भरून वाहते, पाणी जिन्यावर झिरपते आणि आषाढ लागला की पायऱ्यांवर हिरवेगार शेवाळ धरते. आजी फुलांची परडी घेऊन उतरत होती. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाती काठी आली. भेटीला येणारा प्रत्येकजण एकच सांगून गेला, "सांभाळून चालायला हवं होतं." आजीही म्हणाली, "माझंच नशीब. दुसऱ्याला कशाला बोल लावता?"

मला मात्र ते पटेना. चार बिऱ्हाडकरूंनी जूनमध्येच घरमालकांच्या कानावर ही गोष्ट घातली होती. मग दोष एकट्या आजीच्या पायाचा कसा? म्हणून कायद्याची काही पुस्तके चाळली. त्यांतून जे समजले ते मित्रांपुढे मांडतो.

थंड देशांत हा प्रश्न बर्फामुळे उभा राहतो. न्यूयॉर्क शहरात २००३ पासून इमारतीसमोरच्या पदपथावरील बर्फ काढण्याची आणि हयगयीमुळे कुणी पडल्यास भरपाईची जबाबदारी बहुतेक मालकांवर टाकली आहे. आपल्याकडे बर्फ नाही. पण वसईचा पाऊस शेवाळ अंथरतो, त्याचे काय?

यामागचे तत्त्व जुने आहे. लंडनच्या एका साखर कारखान्यात गॅसचे काम करायला आलेला कारागीर वरच्या मजल्यावरील उघड्या भोकातून खाली पडला. १८६६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, कामानिमित्त आपल्या जागेत येणाऱ्या माणसाला, जो धोका मालकाला माहीत आहे किंवा माहीत असायला हवा, त्यापासून वाचविण्याची वाजवी काळजी मालकाने घेतली पाहिजे. इंग्लंडने १९५७ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. आपली न्यायालये अपकृत्यांच्या कायद्यातील निष्काळजीपणाच्या तत्त्वानेच निवाडा करतात. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसे दगावली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये नगरपालिकेलाच जबाबदार धरले. 'दोष वरून दिसत नव्हता' ही सबब चालली नाही. आमचे शेवाळ तर साऱ्यांना दिसत होते!

भाडेकरूंसाठी आणखी एक आधार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी राखणे हे घरमालकाचे कर्तव्य ठरते. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सामाईक जिना आणि गच्ची यांची देखभाल संस्थेकडे असते. रस्त्याचे काय? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे व उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

अर्थात पडला की भरपाई, असे नाही. धोका मालकाला ठाऊक होता किंवा असायला हवा होता, त्याने वाजवी काळजी घेतली नाही आणि त्यामुळेच इजा झाली, हे दाखवावे लागते. पडणाऱ्याचीही चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. म्हणूनच तोंडी तक्रार पुरत नाही. लेखी अर्ज, त्याची पोच, जागेचे छायाचित्र आणि इस्पितळाचे कागद जपून ठेवावे लागतात. आमच्या चार बिऱ्हाडांनी नेमके हेच केले नव्हते. जूनमधल्या त्या बोलण्याचा आज एकही पुरावा आमच्याजवळ नाही.

यंदा वैशाखातच आम्ही सर्वांच्या सह्यांचा अर्ज दिला आणि पोच घेतली. बाबा आधी कचरत होते. "इतक्या वर्षांचे संबंध," म्हणाले. पण सही त्यांनीच पहिली केली. टाकीला नवा कॉक बसला. शेवाळ मात्र आम्ही पोरांनीच तारेच्या ब्रशने खरवडले.

आजी आता कठड्याला धरून उतरते. नशिबाला बोल लावायचे तिने अजून सोडलेले नाही, पण परवा खाली पोहोचल्यावर मला म्हणाली, "तो कागद नीट ठेवलास ना रे?"